फटाक्यांच्या दिवसांत कुत्र्याला शांत कसं ठेवायचं? (बेळगाव, खानापूर, निपाणीकर, या)

शहापूरची_गल्ली
दोन वर्षांचा मुधोळ (शिकारी जातीचा सडपातळ कुत्रा) नर, वजन २४ किलो. घर जुनं, कौलारू, भर गल्लीत. लक्ष्मीपूजनाला दोन्ही बाजूंनी माळा लागतात आणि चौकात सुतळी बॉम्ब. ढोल-ताशा त्याला चालतो, पण मोठा बार झाला की थरथर, लाळ आणि दाराला नखं. दिवाळीला पाच आठवडे आहेत. मेडिकलमधून गोळी आणावी, खानापूरकडे कुणाच्या शेतावर सोडावा, की घरातच काही जमेल? "आपोआप सवय होते" म्हणणारे गल्लीत चिक्कार आहेत, मला ते पटत नाही. काय करायचं, किती आणि कधी, तेवढं नेमकं सांगा.

निपाणीचा_मळा
सवय होतीच की. मळ्यावरची कुत्री बगा. उसात डुकरं शिरली की बार काढतात, कुत्रं ढिम्म हलत नाही. लाड कमी करा, झालं.

राकसकोप
मळ्यावर जी दिसतात ती न घाबरणारी. घाबरणारी कधीच मळा सोडून गेली, म्हणून ती तुमच्या मोजणीत येत नाहीत.

सवय व्हायला आवाज एकसारखा आणि अंदाज येणारा लागतो. ढोलाला ठेका आहे, तो लांबून येतो, हळूहळू वाढतो, हळूहळू विरतो. सुतळी बॉम्ब शांततेतून एकदम फुटतो आणि पुढचा कधी फुटेल ते कळत नाही. अशा आवाजाने बऱ्याच कुत्र्यांची भीती वर्षागणिक कमी न होता वाढते. पहिल्या दिवाळीला नुसते कान टवकारले, दुसऱ्या दिवाळीला थरथर, तिसऱ्या दिवाळीला पणत्या लावतानाच पलंगाखाली. धागाकर्त्यांच्या कुत्र्याला ढोल चालतो आणि बार चालत नाही, यात विसंगती काहीच नाही.

कुंदा_आणि_मांडे
तिसऱ्या दिवाळीला पलंगाखाली जाणारे नवरेही असतात, खरेदीची यादी निघाली की.

राकसकोप
पाच आठवड्यांत पूर्ण भीती जाणार नाही, पण पाया घालता येतो. रेकॉर्डिंगवर काम असं करा.

फटाक्यांचे आवाज मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका. त्यातून फक्त चटचट येते, बॉम्बचा खालच्या पट्टीतला 'धम्म' येतच नाही, आणि खऱ्या बारात तो असतोच. जरा मोठा ब्लूटूथ स्पीकर किंवा टीव्हीचा साउंडबार घ्या. सुरुवात इतक्या हळू आवाजावर करा की कुत्र्याचा कान वळेल, पण तोंडातला घास थांबणार नाही. एका वेळेस पाच ते दहा मिनिटं, दिवसातून एकदा किंवा दोनदा, बस.

क्रम चुकला तर मेहनत पाण्यात. आधी आवाज, मग सेकंद-दोन सेकंदांत उकडलेल्या चिकनचा बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडा. तुकडा आधी दिला की कुत्रा तुकड्यालाच घाबरायला लागतो, कारण त्याच्या मागून बार येतो हे त्याला कळतं. सलग तीन-चार बैठका आरामात गेल्या की आवाज एक खूण वाढवा. घास सोडला, जांभया द्यायला लागला, ओठ चाटायला लागला किंवा दाराकडे बघायला लागला तर दोन खुणा खाली या. स्पीकरची जागा आणि खोली बदलत राहा, नाहीतर त्याला फक्त 'त्या कोपऱ्यातल्या' बॉम्बची सवय होते.

आणि दिवाळीच्या आठ दिवस आधी रेकॉर्डिंग थांबवा. तोवर गल्लीतली पोरं खरे बार काढायला लागलेली असतात, दोन्ही एकत्र नको.

टिळकवाडी_तिसरं_गेट
रेकॉर्डिंग सुरू असताना बाहेरून खरा बार आला तर?

राकसकोप
तोही मोजायचा. बार झाला, लगेच तुकडा. दिवाळीच्या रात्रीसुद्धा हेच: कुत्रा खाण्याच्या मनःस्थितीत असेल तोवर प्रत्येक बारामागे तुकडा. बर्न विद्यापीठातल्या श्टेफानी रीमर यांनी बाराशेहून जास्त कुत्रामालकांची पाहणी करून २०२० मध्ये निष्कर्ष छापले. प्रत्यक्ष बारानंतर खाऊ किंवा खेळ देण्याचा उपयोग झाला असं सांगणारे ७० टक्क्यांच्या वर होते. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं आणि शांत पडून राहण्याचं शिक्षण दोन्ही ६९ च्या आसपास, रेकॉर्डिंग ५५, अंगाला घट्ट बसणारं जॅकेट ४४. फुलांचे अर्क, होमिओपॅथी, खोलीत शांत करणारा गंध सोडणारे प्लग वगैरे सगळे ३० च्या आगेमागे. मालकांनी सांगितलेलं आहे, प्रयोगशाळेतलं मोजमाप नव्हे, हे धरून वाचा.

निपाणीचा_मळा
घाबरलेल्या कुत्र्याला खायला घातलं तर घाबरायचं बक्षीसच दिलं की ते.

पशुवैद्य_खानापूर_रोड
भीती ही भावना आहे, वागणूक नव्हे. खाऊ दिल्याने किंवा जवळ घेतल्याने ती 'शिकली' जात नाही. कुत्रा स्वतःहून चिकटून बसला तर बसू द्या, हात छातीवरून सावकाश फिरवा. लांब जाऊन बसला तर ओढून आणू नका. रागावणं मात्र भीतीत भर घालतं, कारण आता बार आणि मालक दोन्ही धोक्याचे झाले.

औषधाचं स्वतंत्र लिहितो, कारण मूळ प्रश्नात 'मेडिकलमधून गोळी' आली आहे.

काउंटरवर बऱ्याचदा मिळते ती असेप्रोमॅझिन, म्हणजे एसीपी. ती एकटी देऊ नका. तिने शरीर ढिलं पडतं, डोक्यातली भीती आहे तशीच राहते, काहींमध्ये आवाजाला दचकणं उलट वाढतं. बाहेरून कुत्रा शांत दिसतो, आतून तो पळता न येणारा घाबरलेला कुत्रा असतो. शिवाय रक्तदाब उतरतो. ॲव्हिल, फेनरगन वगैरे घरातल्या सर्दी-खाजेच्या गोळ्यांनी गुंगी येते, भीती जात नाही.

आवाजाच्या भीतीसाठी आम्ही साधारणपणे ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन किंवा अल्प्राझोलाम यांतलं एक, कधी दोन मिळून लिहितो. मात्रा मुद्दाम देत नाही. ती वजन, वय, यकृत आणि आधीची औषधं बघून ठरते. पण पुढच्या गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी सांगा:

गोचिडांसाठी अमिट्राझचं औषध अंगाला लावलं आहे का, कधी लावलं. ते आणि ट्रॅझोडोन एकत्र धोक्याचं आहे. फिट येतात का. गॅबापेंटिन पातळ स्वरूपात मिळालं तर बाटलीवर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ती गोडी) आहे का बघा, ते कुत्र्याला विष आहे. आणि जात सांगा. मुधोळ, कारवानी यांच्या अंगात चरबी कमी, त्यामुळे गुंगीच्या काही औषधांचा अंमल त्यांच्यात जास्त रेंगाळतो.

पहिली मात्रा दिवाळीच्या संध्याकाळी नको. दोन-तीन आठवडे आधी, घरी कुणीतरी असताना, शांत दिवशी एकदा देऊन बघा. झोक जातो का, भूक किती लागते, अंमल किती वाजता चढतो आणि कधी उतरतो, हे कागदावर लिहा. अल्प्राझोलामने काही कुत्रे उलटे खवळतात, ते याच दिवशी कळलेलं बरं.

खऱ्या रात्री गोळी पहिल्या बाराच्या आधी पोटात हवी. ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन दीड-दोन तास आधी, अल्प्राझोलाम अर्धा ते एक तास आधी. थरथर सुरू झाल्यावर दिलेली गोळी निम्मी वाया जाते. लक्ष्मीपूजनाला बरेच दवाखाने अर्धा दिवस असतात. दिवाळीपुरत्या गोळ्या आठवडाभर आधीच आणून ठेवा.

कुंदा_आणि_मांडे
डॉक्टर, झोपेची गोळी माणसाला मिळेल काय? समोरच डीजे आहे.

पशुवैद्य_खानापूर_रोड
माणसांची प्रॅक्टिस करत नाही. 😄 एक राहिलं: सात-आठ वर्षांपुढचा कुत्रा आधी निर्धास्त होता आणि यंदा अचानक घाबरायला लागला, तर सांधे, पाठ, दात तपासून घ्या. दचकून स्नायू आखडला की दुखऱ्या सांध्यात कळ जाते, आणि आवाज व कळ यांची जोडी बसते. दुखणं बरं केलं की भीतीही उतरू शकते.

माळमारुती
औषधाआधी जागा ठरवा. कौलारू घरात आवाज भिंतीतून कमी आणि कौलांच्या फटींतून जास्त येतो. वर लाकडी माळा असेल तर त्याच्या खालची खोली घ्या. बहुतेक जुन्या घरांत माजघर सगळ्यात बरं: खिडकी नाही, दोन्हीकडे जाड भिंती. पत्र्याचं छप्पर असलेली मागची खोली सगळ्यात वाईट, तिथे प्रत्येक बार दुप्पट होऊन घुमतो.

त्या खोलीत पलंग किंवा टेबल घ्या, त्यावरून दोन वाकळी आणि एक घोंगडं जमिनीपर्यंत सोडा, एक बाजू पूर्ण उघडी. ही बाजू दाराकडे नको, भिंतीकडे. दाराखालच्या फटीला चादरीची वळकटी. खिडकी असेल तर कापसाची गादी उभी टेकवा. तिने चटचट आणि रॉकेटची शिट्टी बरीच अडते. बॉम्बचा धम्म अडत नाही, तो भिंतीतून आणि फरशीतून येतोच. म्हणून दुसरा आवाज लागतो: पंखा, कूलर, पखवाजाचं भजन, सलग घरघर असलेला कुठलाही ट्रॅक. नेहमीच्या टीव्हीएवढाच ठेवा, फटाक्यांवर मात करायला जाऊ नका.

आणि हे सगळं आजपासून मांडा. रोज दुपारचं जेवण तिथेच द्या. दिवाळीच्या दिवशी नवीन खोलीत कोंडलं तर ती कुत्र्याच्या लेखी शिक्षाच.

टिळकवाडी_तिसरं_गेट
आणि कुत्र्याने स्वतःच न्हाणीघर निवडलं तर?

माळमारुती
तर तेच त्याचं. बऱ्याच कुत्र्यांना न्हाणी आवडते, लहान आणि थंड असते. फिनेलची बाटली आणि साबण काढा, फरशी कोरडी करा, पोतं किंवा जुनी सतरंजी टाका. नरक चतुर्दशीला पहाटे सगळ्यांना आंघोळ तिथेच करायची असते, तेवढं घरात आधी बोलून घ्या.

राकसकोप
दार बंद करून कडी लावू नका. घाबरलेला कुत्रा बंद दाराला पंजे आणि दात लावतो, नखं मुळातून निघतात. खोलीचं दार उघडं, घराचं दार पक्कं बंद.

चोर्ला_घाट
+१. दोन दारांचा नियम पाळा: कुत्रा आणि रस्ता यांच्यामध्ये कायम दोन बंद दारं. फराळाला येणारी माणसं दार उघडं टाकून चपला काढत बसतात, कुत्रं तिथूनच जातं.

मुधोळवाल्यांनी पट्ट्याचं खास बघावं. या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, साधा बकलचा पट्टा मागे ओढला की कानांवरून सुटतो. ओढल्यावर मर्यादेपर्यंत आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्या, किंवा पोटाला दुसरा बंद असलेला हार्नेस. सणाच्या दिवसांत दोन्ही लावा आणि दोन वेगळ्या दोऱ्या धरा. पट्ट्यावर मोबाइल नंबर कोरलेली धातूची चकती. कागदाची चिठ्ठी पहिल्या पावसात जाते.

हलगी
अंगाला गुंडाळायचं कुणी सांगितलं नाही. जॅकेट विकत मिळतं, पण सुती ओढणी किंवा १० सेंटिमीटर रुंदीचं क्रेप बँडेजही चालतं. मध्य छातीवर पुढून ठेवा. दोन्ही टोकं खांद्यांवर नेऊन पाठीवर फुली. तिथून खाली, पुढच्या पायांच्या मागून पोटाखाली फुली. परत वर आणून कमरेजवळ गाठ, गाठ कण्यावर न येता एका बाजूला. कापडाखाली दोन बोटं सहज शिरली पाहिजेत. श्वास घेताना बरगड्या फुललेल्या दिसल्या पाहिजेत.

आधी आठवडाभर रोज दहा मिनिटं, जेवताना बांधा. कुत्रा जागच्या जागी पुतळा झाला तर तो 'शांत' झाला असं समजू नका, तो अवघडलाय. उकाडा असला आणि धाप लागली की लगेच काढा. रात्रभर ठेवू नका.

निपाणीचा_मळा
कानात कापूस घालतात की काही जण.

पशुवैद्य_खानापूर_रोड
नका. कुत्र्याची कानाची नळी आधी खाली जाते आणि मग आत वळते. कापूस वळणावर अडकतो, तो काढायला दवाखान्यात यावं लागतं. शिवाय आवाज फारसा अडत नाही. कानांवरून बसणारी सैल विणलेली टोपी चालेल, तीही त्याला आधीपासून माहीत असेल तर.

कुंदा_आणि_मांडे
चाटायला काय द्यायचं? करवंटीत दहीभात गोठवून दिला तर? झिरो बजेट.

माळमारुती
करवंटी नको. चाटून संपली की चावतात, तिचे धारदार तुकडे पडतात. पोकळ रबरी खेळणं घ्या किंवा जड बुडाची स्टीलची वाटी. पातळ दही, मऊ भात, बिनमिठाचं उकडलेलं चिकन कुस्करून, रात्रभर फ्रीजरमध्ये. दोन-तीन करून ठेवा. चाटण्याने कुत्रे निवतात. आणि तो चाटायचा थांबला की भीती वाढतेय हेही समजतं.

फराळाचं ताट वर ठेवा. चिवड्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक. चॉकलेटचे डबे, तळलेल्या कांद्याचा चिवडा, तेही नको.

अनगोळ_नाका
कायदा कुणी काढलाच नाही. रात्री १० ते सकाळी ६ फटाके बंद. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशाने दिवाळीला फक्त ८ ते १० मोकळीक, तीही हरित फटाक्यांना. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलच्या वर जाणारा फटाका बनवायला आणि विकायलाच बंदी. मग १२ वाजता चौकात काय चाललेलं असतं?

कुंदा_आणि_मांडे
संस्कृती. 😌

माळमारुती
हरित फटाक्याने कुत्र्याचा प्रश्न सुटत नाही. त्यात धूर आणि कण सुमारे ३० टक्के कमी, आवाज मात्र शंभर डेसिबलच्या वरच. ११२ ला फोन जरूर करा, पण तो करून झाल्यावर वाकळी लावा. आणि बार काढणाऱ्या पोरांना आधीच गाठा. "आमच्या दारासमोर सुतळी नको, चौकाच्या त्या टोकाला काढा" एवढं गोडीत सांगितलं की बरीच पोरं ऐकतात. अंतर दुप्पट झालं की आवाज मोकळ्यावर सहा डेसिबलने उतरतो. गल्लीत भिंतींमुळे त्याहून कमी, पण फरक पडतो.

हलगी
गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांचं काय? त्यांना माजघर कुठलं.

चोर्ला_घाट
जिन्याखालची जागा किंवा पार्किंगचा कोपरा मोकळा ठेवा, दोन पोती, थोडा पेंढा, पाणी. फाटक कुत्रं आत शिरेल एवढं तरी उघडं. खायला दुपारी चारच्या आत घाला. रात्री खायला बोलावलं की ती नेमकी बारांच्या मध्ये येतात. सकाळी न फुटलेल्या बारांचा कचरा झाडून घ्या, पिल्लं चघळतात. त्यात बेरियम, गंधक असतं.

कुठलंही कुत्रं हरवलं तर रात्री हाका मारत पळू नका. पहाटे, शांत झाल्यावर, एकट्या ओळखीच्या माणसाने जावं. या दिवसांत ऊस उभा असतो, कुत्री सरीत शिरून बसतात आणि आवाज थांबेपर्यंत हलत नाहीत. बांधावर पाठमोरं बसा, त्याचं अंथरूण आणि खाणं जवळ ठेवा. अंगावर धावून गेलात तर आणखी आत जातं.

शहापूरची_गल्ली
बरंच मिळालं. शेतावर सोडायचं की नाही, हे राहिलं. जांबोटीकडे ओळखीचं घर आहे, तिथे फटाके जवळजवळ नाहीत.

चोर्ला_घाट
एकट्याला सोडू नका. अनोळखी जागा, अनोळखी माणसं, साखळी, आणि वरून लांबचा एखादा बार. साखळीला बांधलेला घाबरलेला कुत्रा स्वतःला फास लावून घेतो, सुटला तर रान समोरच, त्यात बिबटे. घरातलं एक माणूस सोबत राहणार असेल आणि आधी एक-दोन वेळा नेऊन त्याला ते घर ओळखीचं केलं असेल, तर मात्र हा सगळ्यात चांगला उपाय. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी नेऊ नका, एक दिवस आधीच जा.

निपाणीचा_मळा
मळ्यावरच्या कुत्र्याला साखळी नाय बांधायची तर डुकरं कोण राखणार गा?

चोर्ला_घाट
इतर दिवशी बांधा की. तीन रात्री पंपाच्या खोलीत मोकळं सोडा, दार लावून. डुकरं फटाक्यांच्या रात्री तशीही येत नाहीत.

निपाणीचा_मळा
हे पटलं.

पशुवैद्य_खानापूर_रोड
धागाकर्त्यांसाठी लक्ष्मीपूजनाचं वेळापत्रक, गोळी लिहून मिळाली आहे असं धरून. साडेतीनला लांब फेरी, दोन दोऱ्यांवर, शी-शू पूर्ण होईपर्यंत. साडेचारला पोटभर जेवण. पोट भरलं की सुस्ती येते, पण रात्री तुकडे खाण्याइतकी भूक राहू द्या. गोळी साडेपाचच्या सुमारास, तुमच्या गल्लीत पहिली माळ सातला लागते असं समजून. साडेसहाला माजघरात, पंखा आणि भजन सुरू. पाणी जवळ, धापा टाकणारा कुत्रा पुष्कळ पितो. आठ ते दहा एका माणसाने तिथेच बसायचं, मोबाइल बघत बसलं तरी चालेल. पुढची शू रात्री एकच्या पुढे, अंगणातच, पट्टा लावून.

नरक चतुर्दशीला उलटं. बार पहाटे चार-साडेचारला सुरू होतात, म्हणून गोळीची वेळ आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्या. तीन वाजता गजर लावावा लागेल. सकाळची फेरी नऊच्या पुढे. पाडव्याला म्हशी फिरवतात तेव्हा दिवसाही बार होतात, ते धरा.

राकसकोप
आणि दुसऱ्या दिवशी लांब पळवू नका. अंगातला ताण एका झोपेत उतरत नाही. दोन-तीन दिवस छोट्या फेऱ्या, हुंगू द्या.

शहापूरची_गल्ली
भाऊबीजेनंतर खोली आवरली तर चालेल ना? माजघर कायमचं अडवलं तर घरात महाभारत होईल.

माळमारुती
तुळशीची लग्नं कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालतात, प्रत्येक लग्नाला माळ. तोवर राहू द्या. त्यानंतर वाकळी काढा, पण अंथरूण तिथेच ठेवा. ३१ डिसेंबरला 'ओल्ड मॅन' (सरत्या वर्षाचा पुतळा) जाळतात, त्याच्या पोटात काय काय भरलेलं असतं ते बेळगावकरांना सांगायला नको.

शहापूरची_गल्ली
अमिट्राझ मागच्याच आठवड्यात लावलंय. डॉक्टर, किती दिवस थांबायचं?

पशुवैद्य_खानापूर_रोड
बाटली घेऊन दवाखान्यात जा. अंगाला लावायचं, फवारायचं की गळ्यातला पट्टा, यावर अवलंबून आहे. तोवर पुन्हा लावू नका, गोचिडांसाठी दुसरं औषध लिहून घ्या. पाच आठवडे आहेत, वेळ आहे. परवापर्यंत जा.